फुलदाणी घ्यायची तर आधी उलटी करून बघा

आपल्याकडे चिनीमाती हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. लोणच्याची बरणी चिनीमातीची, कपबशी चिनीमातीची, आणि हल्ली दिवाणखान्यात दिसणारी, मधोमध मोठं भोक असलेली शिल्पासारखी पांढरी फुलदाणीही चिनीमातीचीच. प्रत्यक्षात बरणी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट, अपारदर्शक मातीची असते. ‘सिरॅमिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पांढऱ्या फुलदाण्या कमी आचेवर भाजलेल्या सच्छिद्र मातीच्या निघतात. पोर्सिलेन म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ ही खनिजं यांचं मिश्रण साधारण १२६० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजून जवळजवळ काचेसारखं घट्ट झालेलं. चीनमधल्या जिंगडेझेनजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून केओलिनला ते नाव पडलं.

दुकानात ओळखायचं कसं? फुलदाणी उलटी करा. बुडाच्या कडेला, भट्टीत ती जिथे टेकलेली असते तिथे, बहुधा ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) नसते. त्या उघड्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. पोर्सिलेनवर थेंब तसाच राहतो, सच्छिद्र माती तो हळूहळू पिऊन टाकते. बुडाला फेल्ट चिकटवून कड झाकली असेल तर मोबाइलचा टॉर्च तोंडातून आत धरा. पातळ पोर्सिलेनमधून दुधी उजेड बाहेर येतो. जाड असेल तर येणार नाही, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका. रेझिनची नक्कल मात्र हातालाच कळते: ती चिनीमातीसारखी गार लागत नाही आणि टिचकी मारली की बद्द वाजते.

सच्छिद्र माती वाईट नाही. सुक्या काड्या ठेवायच्या असतील तर खुशाल घ्या. पाणी भरणार असाल तर आधी वर्तमानपत्रावर २४ तास भरून ठेवा. कागद ओला झाला तर सागवानी टेबलावर पांढरा डाग पडणार हे नक्की.

मग ती सपाट फरशीवर ठेवून हलकेच हलवा. डुगडुगते का? पोर्सिलेन पूर्ण आचेला असताना भट्टीत मऊ पडतं आणि ओल्या घडणीपासून भाजून होईपर्यंत साधारण १२ ते १५ टक्के आकसतं. त्यामुळे पुढे झुकलेला भाग, लांब मान, कडं असलेला आकार स्वतःच्या वजनाने खाली बसतो. कारागीर त्याच मातीचे टेकू लावून तो सांभाळतात. अशा आकाराच्या किमतीत भट्टीत वाया गेलेल्या तुकड्यांचाही हिशोब असतो. किंचित कललेली मान मला चालते, नव्हे, आवडते. डुगडुगणारं बूड मात्र घेऊ नका. फेल्टच्या चकत्या लावून ते थोडंफार सावरतं, पण आडवा धक्का लागला तर त्यांचा उपयोग नाही.

बुडाची रुंदी उंचीच्या निदान एक तृतीयांश असावी, हा माझा ठोकताळा. ३० सेंटीमीटर उंचीला १० सेंटीमीटर बूड. त्याहून अरुंद असेल तर धुऊन वाळवलेली वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळाशी सोडा, साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा अचानक सुटतो. बाल्कनीचं सरकतं दार उघडं असेल तर उंच पम्पास गवताचा तुरा शिडासारखा वारा धरतो आणि फुलदाणी आडवी होते. दाराच्या सरळ रेषेत ती ठेवूच नये.

जागेचं म्हणाल तर जुन्या वाड्यातल्या कोनाड्याला तोड नाही. तीन बाजूंनी आडोसा, मागे साधी भिंत, समोरून एकच नजर. फ्लॅटमध्येही खांब आणि भिंतीमधल्या खाचेत असा कोनाडा करता येतो. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरका हवा. साधा ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी पुरतो. समोरून प्रकाश टाकला की पांढऱ्यावर सावलीच पडत नाही आणि घडणीतलं सगळं चपटं दिसतं. शेजारी देवाचे फोटो, ट्रॉफ्या, रिमोट असलं काही ठेवू नका.

अशा फुलदाणीत गुच्छ कोंबायचा नसतो. निशिगंधाची एक दांडी किंवा अँथुरियमची दोन फुलं पुरतात. निशिगंध खालून वर उमलत जातो, तेव्हा मंडईतून आणताना खालची दोन-तीनच फुलं उमललेली दांडी निवडा, दांडीचं खालचं टोक २ सेंटीमीटर तिरकं कापा, पाणी एक दिवसाआड बदला. जरबेराला ५ ते ७ सेंटीमीटरच पाणी द्या, त्याचा लवदार देठ खोल पाण्यात लवकर कुजतो. फुलदाणी सच्छिद्र असेल किंवा आतून धुता येत नसेल तर आत काचेची परीक्षानळी बसवा आणि पाणी तिच्यातच भरा.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने आत पांढरी रेघ धरते. व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे भरून अर्धा तास ठेवा, मग मूठभर तांदूळ घालून हलवा. तारेचा काथ्या वापरू नका: मॅट ग्लेझवर धातूच्या काळ्या रेघा उठतात. ग्लेझ नसलेल्या पोर्सिलेनवर हळदीचा हात लागला तर लगेच ओल्या फडक्याने आणि साबणाने पुसा. आणि उचलताना मान किंवा कडं धरू नका. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला.