म्हाताऱ्या मांजरांची सांधेदुखी आणि संशोधनाचे अनुदान: माझा अनुभव

पाळीव प्राण्यांच्या आजारांवर संशोधन करायचे ठरवले की पशुवैद्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैसे मागायचे कोणाकडे, हा. सरकारी निधीचा ओढा साहजिकच दूध, मांस व अंडी देणाऱ्या जनावरांकडे आणि प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या रोगांकडे असतो, तर औषध कंपन्या बहुधा विकता येईल अशा औषधामागे पैसा लावतात. कुत्र्या-मांजरांसाठी मग उरतात त्या देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या धर्मादाय संस्था. मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशन १९४८ पासून हे काम करते आहे. १९६८ साली सुरू झालेले विन फिलाइन फाउंडेशन, ज्याचे नाव २०२० पासून एव्हरीकॅट हेल्थ फाउंडेशन झाले, केवळ मांजरांच्या आजारांसाठी निधी देते. मी अर्ज केला तोही अशाच प्रकारच्या एका संस्थेकडे, आणि तो मंजूर होऊन प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत जे पाहिले ते अर्ज करू पाहणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहीत आहे.

माझा विषय होता वयस्कर मांजरांची सांधेदुखी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यांतील ९० टक्के मांजरांमध्ये सांध्यांची झीज आढळली होती. तरीही दवाखान्यात हे निदान क्वचितच होते. कुत्रा दुखऱ्या पायाने लंगडतो, पण मांजराचे सांधे बहुधा दोन्ही बाजूंचे सारखेच दुखत असल्याने ते लंगडण्याऐवजी हालचाल कमी करते, आणि घरची माणसे ‘आता वय झाले’ म्हणून ते सोडून देतात. त्यातच तपासणीच्या टेबलावर मांजर भीतीने अंग आखडून बसते, त्यामुळे त्याची चाल वैद्याला दिसतच नाही. घरी काढलेल्या चित्रफितीत मात्र ती दिसते. निरोगी मांजर उंचावरून थेट झेप घेते. सांधे दुखणारे मांजर आधी कडेवर घुटमळते, पुढचे पाय भिंतीला किंवा फळीला टेकवत जमेल तितके खाली सरकवते, आणि मगच अंग सोडते. पाठीच्या खालच्या भागात चाटता न आल्याने गुंता झालेले केस आणि जाड होऊन वळलेली नखे हीसुद्धा ओळखीची लक्षणे होत. सर्वसाधारण पशुवैद्यांना या खुणा पद्धतशीरपणे शिकवल्या आणि मालकांकडून अशा चित्रफिती मागवायला सांगितले, तर निदानाचे प्रमाण वाढते का, एवढाच माझा प्रश्न होता.

एवढाच म्हणण्याजोगा तो सुरुवातीला नव्हता. पहिल्या आराखड्यात वेदनाशामक औषधांची तुलना होती, रक्तातील घटकांचे मापन होते आणि जनुकीय तपासणीही होती. बहुतेक संस्था आधी एक-दोन पानांचा पूर्वप्रस्ताव मागवतात आणि तो पसंत पडला तरच सविस्तर अर्ज लिहायला सांगतात. ही पायरी अनेकांना औपचारिकता वाटते, पण माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत कसोटीची तीच असते, कारण दोन पानांत न मावणारा प्रश्न बहुधा दोन वर्षांतही मावत नाही. संस्थेच्या अनुदान अधिकाऱ्यांशी अर्जापूर्वीच बोलता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या बोलण्यातून मला कळले की देणगीदारांना पैसा मांजरांच्या उपयोगी पडावा असे वाटते; ‘मांजरांतील हा आजार माणसांच्या संधिवातासाठी आदर्श नमुना ठरेल’ या छापाची वाक्ये तेथे काही कामाची नव्हती. ती मी आनंदाने काढून टाकली.

सविस्तर अर्जावर परीक्षकांचे अभिप्राय आले तेव्हा वादाचा मुद्दा ठरला तो प्रशिक्षणाचा खर्च. अंदाजपत्रकाचा मोठा भाग माणसांवर होता: एका निवासी पशुवैद्याचे वेतन, संख्याशास्त्रज्ञाचा वेळ, प्रशिक्षण देणाऱ्यांचे मानधन. उपकरणे म्हणजे गळपट्ट्याला लावायचे हालचालमापक तेवढे होते. एका परीक्षकाने विचारले की हा शिक्षणाचा खर्च असताना तो संशोधनाच्या निधीतून का द्यावा. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता, कारण अनेक संस्था संशोधन आणि प्रशिक्षण यांच्यासाठी वेगवेगळी अनुदाने देतात. आमचे उत्तर असे होते की औषधाच्या चाचणीत जे स्थान औषधाला असते, तेच या अभ्यासात प्रशिक्षणाला आहे. तपासायचे तेच असल्यामुळे ते वगळून अभ्यास उरतच नाही. हे उत्तर मान्य झाले, पण त्यामागची वृत्ती मला आजही खटकते. यंत्र विकत घ्यायला कोणी हरकत घेत नाही; ते वापरणारे, आकडे नोंदवणारे आणि मांजराला न घाबरवता तपासणारे माणूस तयार करायचे म्हटले की स्पष्टीकरण मागितले जाते.

दुसरा अभिप्राय नमुनासंख्येवर होता आणि तो योग्यच होता. एकाच दवाखान्यातील अर्ध्या वैद्यांना शिकवून उरलेल्यांना अंधारात ठेवता येत नाही, म्हणून प्रशिक्षण कोणाला द्यायचे आणि तुलनेसाठी कोणाला ठेवायचे हे ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या त्या दवाखान्यांच्या, मांजरांच्या नव्हेत. पण एका दवाखान्यात येणारी मांजरे आणि त्यांना पाहणारे डॉक्टर यांच्यात काही साम्य असतेच, आणि तेवढ्या प्रमाणात प्रत्येक जास्तीच्या मांजरातून मिळणारी नवी माहिती कमी होते. हे साम्य दाखवणारा गुणांक ०.०५ इतका लहान धरला आणि दर दवाखान्यामागे २० मांजरे घेतली, तरी गुणक १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ येतो, साध्या हिशेबाने लागली असती त्याच्या जवळजवळ दुप्पट मांजरे लागतात. अशा वेळी प्रत्येक दवाखान्यातील मांजरे वाढवण्यापेक्षा दवाखान्यांची संख्या वाढवणे अधिक फायद्याचे असते, आणि तसेच केले. संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहिण्याच्या टप्प्यापासून बरोबर घेण्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. गोळा झालेले आकडे शेवटी त्याच्यापुढे ठेवले असते, तर तोवर दुरुस्तीला वावच राहिला नसता.

नैतिकता समितीची परवानगी एकच लागेल असे गृहीत धरणाऱ्यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. प्राण्यांसंबंधीच्या समितीला एक्स-रेची चिंता होती. मांजराचे सांध्यांचे चांगले एक्स-रे काढायचे तर बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि वयस्कर मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार असण्याची शक्यता बरीच असते. केवळ आमच्या अभ्यासासाठी त्यांना गुंगी देणे समितीला मान्य नव्हते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी, प्राण्याला होणारा त्रास कमीत कमी ठेवण्याच्या तत्त्वाशीही ते विसंगत ठरले असते. शिवाय एक्स-रेवरची झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. म्हणून एक्स-रे फक्त उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हाच काढायचा, आणि निदानाची अंतिम पडताळणी तज्ज्ञाने हाताने केलेली सांध्यांची तपासणी व हालचालमापकाची नोंद यांवरून करायची, असे ठरले. कोणता दवाखाना कोणत्या गटात आहे हे त्या तज्ज्ञाला कळू द्यायचे नव्हते.

दुसरी समिती माणसांसंबंधीची. आमच्या अभ्यासात खरे सहभागी होते पशुवैद्य आणि मालक. त्यांचीच कामगिरी आणि उत्तरे नोंदवली जाणार होती. घरातल्या चित्रफितीत घराचा अंतर्भाग येतो, कधी लहान मुले येतात, कधी मागे चाललेले बोलणेही ऐकू येते. या सर्वांची साठवण कोठे, किती काळ, पाहणार कोण आणि मालकाने मध्येच माघार घेतली तर चित्रफीत कशी पुसणार, हे संमतिपत्रात सोप्या भाषेत लिहावे लागले. मला हे काम कंटाळवाणे वाटेल अशी अपेक्षा होती, परंतु त्या पत्रामुळेच मालकांनी आमच्यावर अधिक विश्वास ठेवला असे दिसले.

मालकांच्या उत्तरांबद्दल एक सावधगिरी घ्यावी लागली. कुत्र्यांच्या सांधेदुखीच्या एका औषधचाचणीचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तुलनेसाठी औषधाऐवजी परिणामशून्य खोटे औषध (प्लासिबो) मिळालेल्या कुत्र्यांमध्येही मालकांना आणि पशुवैद्यांना वारंवार सुधारणा दिसली होती. आपण काहीतरी करत आहोत या भावनेने माणसाची नजर मऊ होते. त्यामुळे प्रश्नावलीच्या बरोबरीने हालचालमापक ठेवणे आवश्यक होते. अंदाजपत्रकातील या ओळीला कोणी हात लावला नाही.

निधी एकरकमी मिळत नाही. प्रगतीचा अहवाल दिला की पुढचा हप्ता येतो, आणि मांजरांची नोंदणी अपेक्षेपेक्षा हळू होत असेल तर तो हप्ता पुढे ढकलला जातो. आमची नोंदणी मागे पडली तेव्हा वाढीव पैसे न मागता मुदत वाढवून घेण्याची सोय वापरली. पण वेतन मुदतवाढीची वाट पाहत नाही. विशेषज्ञ होण्यासाठीचे निवासी प्रशिक्षण साधारणपणे तीन वर्षांचे असते आणि आमचे अनुदान दोन वर्षांचे होते. हा फरक भरून काढायला आम्ही संस्थेबरोबर अशी मांडणी केली की पहिल्या वर्षी त्या डॉक्टरांनी रुग्णालयातील नियमित काम करावे आणि वेतन रुग्णालयाने द्यावे. अभ्यासाचे काम दुसऱ्या वर्षापासून सुरू व्हावे. मुदतवाढीच्या महिन्यांचा भारही शेवटी रुग्णालयानेच उचलला, आणि तो उचलण्याची तयारी अर्जासोबतच्या पत्रात लेखी घेतलेली होती म्हणूनच तो उचलला गेला.

सध्या आकड्यांचे विश्लेषण चालू आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या दवाखान्यांना अभ्यास संपताच तेच प्रशिक्षण द्यायचे, ही अट आम्ही स्वतःहून अर्जात घातली होती, आणि त्या वर्गांचे वेळापत्रक लागले आहे. ते वर्ग आता त्याच निवासी डॉक्टर घेणार आहेत.