पातं तुटलं त्या दिवशी

मी ट्रॅक्टर मिस्तरी, निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागांत माझं काम. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की फोन थांबत नाही, कारण डाऊनी ही बुरशी कोणासाठी थांबत नाही, पाऊस उघडला की ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं पंख्याचं फवारणी यंत्र, बागेत पाहिजे म्हणजे पाहिजे.

गेल्या सीझनला सकाळी सहाला एका अण्णांचा फोन, "मिस्तरी, पातं तुटलं, आत्ता या." जाऊन बघतो तर ब्लोअरच्या पंख्याचं एक पातं मुळापासून गेलेलं, जाळी फाडून, मांडवाची तार तोडून तिसऱ्या ओळीत जाऊन पडलेलं. तिकडं तेव्हा कोणी नव्हतं म्हणून बरं.

त्याच ब्लोअरचं महिन्यातलं हे तिसरं काम. आधी दोनदा फवारणी पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटला होता, पंपाचं ऑइल ताकासारखं पांढरं झालेलं, मी डायफ्रॅम बदलला आणि औषधाच्या पावडरीवर ढकलून मोकळा झालो. ट्रॅक्टर डिझेल जास्त खातो ही तक्रार वेगळीच. मध्ये ब्लोअर कंपनीचा माणूस येऊन गेला, गाडीतून उतरून पाच मिनिटं उभा राहिला आणि ड्रायव्हरची चूक असं लिहून गेला. ड्रायव्हर म्हणजे सुरगाण्याकडचा पोरगा, हात एकदम चांगला, त्याच्या पगारातून अण्णांनी पैसे कापले.

मला ते पटेना. ब्लोअर सोडवला, पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागून अवजार फिरवणाऱ्या, नुसत्या दांड्यावर चमकपट्टी चिकटवली, मिनिटाचे फेरे मोजणारा आरपीएम मीटर धरला आणि पोराला म्हणलं, रोज फवारताना जेवढी रेस ठेवतो तेवढीच दे. त्यानं इंजिनच्या मीटरचा काटा बरोबर 2400 वर आणला, या मॉडेलला पीटीओची खूण तिथंच आहे. माझ्या मीटरवर आकडा आला 808.

540 पाहिजे तिथं 808!

सीटखाली वाकून बघितलं तर पीटीओचा स्पीड बदलायचा लिव्हर इकॉनॉमीत. या ट्रॅक्टरला पीटीओ दोन स्पीडचा, साध्यात इंजिन 2400 ला 540 फेरे देतं आणि इकॉनॉमीत 1600 लाच 540. हलक्या कामाला फार चांगली सोय आहे, डिझेल खरंच वाचतं. लोडशेडिंगमध्ये अण्णांच्या पुतण्यानं जनरेटर चालवायला लिव्हर तिकडं टाकला होता, तो तसाच राहिला. पोरगा त्यावर 2400 ची रेस देत होता म्हणजे सगळं दीडपट पळत होतं. पंख्याचं गणित असं की वेग दीडपट झाला तर ताकद सव्वातीन पटीच्या वर लागते आणि पात्यावरचा ताण सव्वादोन पट होतो. ब्लोअरच्या पंख्याचा गिअर स्लोला होता म्हणून इंजिननं ओढलं तरी. पंप 540-550 फेऱ्यांचा, त्याचा डायफ्रॅम टिकणार कसा?

मोठ्या ट्रॅक्टरला 540 आणि 1000 असे दोन पीटीओ असतात, तिथं 540 ला 6 दात आणि 1000 च्या दांड्याला 21, त्यामुळं 540 च्या अवजाराचा शाफ्ट 1000 वर बसतच नाही. इथं दोन्ही स्पीड एकाच 6 दातांच्या दांड्यावर, चूक अडवायला काहीच नाही, वरून स्टिकर इंग्रजीत, लिव्हर सीटखाली आणि मीटरवर खूण फक्त 2400 ची. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडतात, पेढे वाटतात, फोटो काढतात, पण जो माणूस रोज चालवणार त्याला बाजूला घेऊन हा लिव्हर कोणी दाखवत नाही. याचा मला खरंच राग येतो.

मी अण्णांना सगळ्यांसमोर आकडा दाखवला. पोरगा एवढंच म्हणला, "भाऊ, मला खूण दाखवली ती मी पाळली." ऑइलपेंट आणून लिव्हरची इकॉनॉमीची बाजू पिवळी केली, मीटरच्या काचेवर 1600 ला पिवळी रेघ मारली, 2400 ला लाल आणि लिव्हरची दुसरी बाजूही लाल. पीटीओ बंद केल्याशिवाय लिव्हर हलवायचा नाही हे त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. शाफ्टचं फाटकं कव्हर पण बदलायला लावलं, 540 ला सुद्धा तो शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो, बाहीचं टोक अडकलं तर हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही.

पण दोन्ही डायफ्रॅम बदलताना माझा स्पॅनर त्या लिव्हरपासून हातभर अंतरावर होता आणि मी बघितलं नाही, हे काही डोक्यातून जात नाही. तेव्हाच आरपीएम मोजले असते तर पोराचे पैसे कापले गेले नसते. त्याच्या पैशासाठी अण्णांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा म्हणले, "खुडा झाल्यावर बघू."