यात काय नाही

समोर दिसेल ते वाचायची मला खोड आहे. हातात पुस्तक नसेल तर शाम्पूची बाटली, तीही नसेल तर टूथपेस्टची ट्यूब. परवा स्वयंपाकघरात दूध तापायची वाट बघत उभी होते आणि नजर तेलाच्या डब्यावर गेली. हिरवं पान, पानावर लाल हृदय, आणि खाली ठसठशीत अक्षरांत एकच शब्द : कोलेस्टेरॉलमुक्त.

आता कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातला मामला. बियांतून काढलेल्या तेलात ते मुळातच नसल्यात जमा असतं. तेलवाल्यांनी ते हुसकावून लावायला बोटही हलवलेलं नाही. ‘माझ्या या लेखात एकही देवमासा नाही’ असं मी छाती काढून सांगावं, तसलाच हा प्रकार.

दूध उतू गेलं ते सोडा. पण त्या दिवशी मी घरातली सगळी फडताळं वाचून काढली. मिठाच्या पिशवीवर ‘ग्लुटेन नाही’. ग्लुटेन गव्हात असतं, बार्लीत असतं. मिठात ते शिरणार कुठून? साबणावर ‘पॅराबेन नाही’, म्हणजे माल टिकावा म्हणून घालतात ते एक रसायन नाही. फेसवॉशवर तर ‘केमिकल नाही’, आणि मागच्या बाजूला घटकांच्या यादीत पहिलंच नाव पाण्याचं, जे शाळेत आम्हाला रसायनशास्त्राच्या तासालाच शिकवलं होतं. बिस्किटांच्या पुड्यावर ‘वरून साखर घातलेली नाही’. यातला ‘वरून’ हा शब्द फार कर्तबगार आहे. आतून जी काय गोडी असेल तिच्याबद्दल तो मौन पाळतो. मी पिशव्या भरभरून आणते त्यात इतकं ‘नाही’ भरलेलं असतं, आणि त्या ‘नाही’चे मी चांगले पैसे मोजते, हे मला ठाऊकच नव्हतं.

आई हे काहीच वाचत नाही. ती पाकिटावरची तारीख बघते आणि पाकीट नाकाशी नेते. बाकीचं सगळं तिच्या मते ‘लिहायला काय जातं?’

तिच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर शे-दीडशे वर्षं मागे जायला हवं. तेव्हाच्या जाहिराती आरोग्याबद्दल ‘आहे’च्या भाषेत बोलायच्या. आमच्या बाटलीत हे आहे, ते आहे, आणखीही आहे. १८८६ साली अटलांटातल्या जॉन पेंबर्टन नावाच्या औषधविक्याने एक पेय काढलं, तेव्हा त्याची ओळख मेंदूचं टॉनिक आणि डोकेदुखीवरचा उतारा अशी करून दिली होती. कोकाची पानं आणि कोला नावाचं फळ या दोन गोष्टी त्यात होत्या म्हणून नाव कोका-कोला. म्हणजे घटकांची यादीच नावात. १९२९ मध्ये अमेरिकेत एक लिंबाच्या चवीचा सोडा बाजारात आला, त्याच्या लांबलचक नावात ‘लिथिएटेड’ असा शब्द होता. त्यात लिथियमचा क्षार होता. हेच लिथियम पुढे मनोविकारांवरचं औषध म्हणून डॉक्टर तोलूनमापून देऊ लागले. तोच सोडा आज सेव्हन-अप या नावाने, लिथियम वजा होऊन, लग्नाकार्यात मुलांच्या हातात दिसतो.

पण ‘आहे’चा कळस म्हणजे रेडियम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडियम ही नवलाईची वस्तू होती. अंधारात चमकणारी, आपोआप उष्णता देणारी. ज्यातून अखंड ऊर्जा बाहेर पडते ते पोटात गेलं तर आपल्यालाही ऊर्जा मिळणार, हा हिशेब लोकांना सरळ वाटला. मलाही तेव्हा वाटला असता. रेडिथॉर नावाच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या निघाल्या, त्यांच्यावर ‘प्रमाणित किरणोत्सारी पाणी’ असं छापलेलं असे. लपवाछपवी नव्हती, तीच तर फुशारकी होती. रेडियमच्या नावाने साधं पाणी विकणारेही होते, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे भामटे ते. किरणोत्साराचं पाणी घरच्या घरी बनवायच्या भांड्यांना अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेची मान्यता हवी असेल, तर त्यांतून ठरावीक किमान किरणोत्सार व्हायलाच हवा, असा नियम होता. कमी पडला तर माल खोटा.

एबेन बायर्स नावाचा पिट्सबर्गचा धनिक गोल्फपटू होता. १९२७ मध्ये आगगाडीतल्या बर्थवरून पडून त्याचा हात दुखावला, आणि डॉक्टरांनी त्याला रेडिथॉर सुचवलं. त्याला ते इतकं मानवलं, म्हणजे मानवल्यासारखं वाटलं, की पुढच्या काही वर्षांत त्याने सुमारे १४०० बाटल्या रिचवल्या. मग त्याची हाडं आतून झिजत गेली, जबडा गळून पडू लागला, आणि १९३२ मध्ये तो गेला. त्याला शिशाचा पत्रा लावलेल्या पेटीत पुरलं. त्याला कुणी भेसळ पाजली नव्हती. बाटलीवर जे लिहिलं होतं ते, आणि तेवढंच, बाटलीत होतं. जाहिरात खरी असणं किती भयंकर असू शकतं, हे एवढ्या ठळकपणे दाखवणारी दुसरी गोष्ट माझ्या वाचनात नाही. म्हणजे होती. केंट सिगारेटची.

१९५२ साली केंट निघाली तेव्हा सिगारेटबद्दल कुजबुज सुरू झाली होती. म्हणून हिच्यात खास गाळणी होती, मायक्रोनाइट नावाची, प्रकृतीला जपणाऱ्यांसाठी. त्या गाळणीत ॲसबेस्टॉस होतं, ज्याचे तंतू श्वासातून आत गेले की कर्करोग होऊ शकतो. धुरापासून वाचवायला ॲसबेस्टॉस! १९५६ च्या सुमारास ते गुपचूप काढून टाकलं. सिगारेटवाल्यांनी त्याआधी डॉक्टरांनाही कामाला लावलं होतं. लकी स्ट्राइक कमी खवखवते असं म्हणणाऱ्या डॉक्टरांचा आकडा १९३० मध्ये त्यांनी छापला : २०,६७९. त्यातल्या शेवटच्या नऊवर माझा फार जीव आहे. वीस हजार म्हटलं असतं तर थाप वाटली असती. २०,६७९ म्हटलं की कुणीतरी बसून मोजले असणार. १९४६ पासून कॅमलच्या जाहिराती सांगू लागल्या की डॉक्टर इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा कॅमल अधिक ओढतात. चित्रात पांढरा कोट, समजूतदार हसू आणि बोटांत सिगारेट.

या गर्दीत लिस्टरिनने मात्र वेगळाच डाव टाकला. १८७९ पासून हे जंतुनाशक होतं. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाच्या नावावरून त्याचं नाव. पण १९२० च्या दशकात त्यांच्या जाहिराती बाटलीत काय आहे याबद्दल बोलायच्या थांबल्या आणि तुमच्यात काय आहे याबद्दल बोलू लागल्या. तुमच्या तोंडाला वास आहे. तुम्हाला तो येत नाही, इतरांना येतो, आणि ते सांगणार नाहीत. तोंडाचा वास म्हटलं असतं तर घरगुती वाटलं असतं, म्हणून वैद्यकाच्या कोशातला जडजंबाल शब्द उकरून काढला : हॅलिटोसिस. लग्न न जमणाऱ्या मुली, बढती न मिळणारे पुरुष, सगळ्यांच्या दुःखाचं मूळ एकच. औषध तयार होतं, आता रोगही आला. या युक्तीचा मला राग यायला हवा, पण खरं सांगायचं तर त्या जाहिरातींबद्दल वाचताना मी ओंजळ तोंडाशी नेऊन श्वास सोडून बघितला.

त्याच लिस्टरिनने सर्दी-पडशावरही गुण येतो असं अनेक वर्षं सांगितलं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हुकूम काढला की पुढच्या एक कोटी डॉलरच्या जाहिरातींत ‘आमच्या औषधाने सर्दी टळत नाही, घशाचं दुखणंही कमी होत नाही’ असं तुमच्याच तोंडाने सांगा. ‘आधीच्या जाहिरातींत सांगितलं होतं त्याच्या उलट’ अशी सुरुवातही करायला लावली होती. तेवढी मात्र कोर्टाने माफ केली. चूक दुरुस्त करा, नाक घासू नका, असा समंजस निकाल.

इथवर माझी मांडणी छान चालली होती : आधी ‘आहे’, मग ‘नाही’. पण जुन्या जाहिराती धुंडाळताना एक काडी सापडलीच. अमेरिकेत तान्ह्या बाळांना द्यायचं मिसेस विन्स्लोचं एक सिरप होतं, दात येताना रडणारं मूल शांत करणारं. त्यात मॉर्फिन होतं, त्यामुळे मूल शांत होई यात शंकाच नाही. काही कायमचीच झाली. त्याच काळातल्या कॅस्टोरिया नावाच्या औषधाची जाहिरात काय म्हणते, तर यात अफू नाही, मॉर्फिन नाही, गुंगी आणणारं काहीही नाही. म्हणजे ‘नाही’ एकोणिसाव्या शतकातही होतंच. आणि ते ‘नाही’ अगदी खरं, आईच्या काळजाला हात घालणारं होतं, कारण शेजारच्या बाटलीत ते खरोखर असायचं. १९०६ च्या कायद्याने अफू, कोकेन, मद्य असलं काही असेल तर ते लेबलावर लिहायची सक्ती केली, तेव्हा कुठे लोकांना कळलं आपण काय पीत होतो ते. आजच्या मिठातल्या ग्लुटेनचं तसं नाही. तिथे शेजारच्या पिशवीतही ते नाहीच.

लिहायला काय जातं, यावर युरोपने फार मनावर घेतलं. पदार्थ आरोग्याला चांगला म्हणायचा तर आधी पुरावा आणा, असा तिथे नियम आहे. दोन जर्मन प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि भरपूर पाणी नियमित प्यायल्याने शरीरातलं पाणी कमी व्हायचा धोका घटतो, असं म्हणायची परवानगी मागितली. २०११ मध्ये ती नाकारली गेली. वर्तमानपत्रांनी खूप टर उडवली. तांत्रिक कारण होतं : रोगाचा धोका कमी होतो म्हणायचं तर त्या रोगाला कारण होणारी वेगळी गोष्ट दाखवावी लागते, आणि पाणी कमी होणं हे पाणी कमी होण्याचं कारण धरता येईना. मला त्या नकारात खोट दिसत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बाटलीवर छापून मिरवायची कशाला? त्या निकालाची एक प्रत मी आमच्या तेलाच्या डब्याला चिकटवली असती.

सिगारेटच्या पाकिटावर आता तिचं स्वतःचं म्हणणं फारसं उरलेलंच नाही. १९६६ पासून अमेरिकेत पाकिटाच्या कडेला एक मिळमिळीत इशारा आला. २००१ मध्ये कॅनडाने सडक्या फुप्फुसांचे, किडक्या दातांचे फोटो आणले. आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने सगळ्या कंपन्यांच्या पाकिटांना एकच रंग दिला. लोकांना विचारून विचारून, अगदी किळसवाणा वाटेल असा शेवाळी तपकिरी निवडला होता. पांढऱ्या कोटापासून तिथवर यायला सहासष्ट वर्षं लागली.

माझ्या मनगटावर हल्ली एक घड्याळ असतं. ते बाटलीबद्दल काही बोलत नाही, माझ्याचबद्दल बोलतं, तेही ‘नाही’च्या भाषेत. आजची पावलं अजून पूर्ण झालेली नाहीत. लक्ष्य दहा हजार. हे दहा हजार कुठल्या डॉक्टरांनी ठरवले म्हणून शोधायला गेले तर ते निघाले जाहिरातीतले. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा गोल होता, कानाला बरा लागत होता. संशोधन पुष्कळ नंतर आलं, आणि त्यात बऱ्याच जणांचं त्याहून कमी पावलांतही भागतं असं दिसतं.

हे सगळं मला माहीत आहे. तरी काल रात्री अकरा वाजता घड्याळाने ९,६४० दाखवले आणि मी दिवाणखान्यात टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागले. आई पाणी प्यायला उठली होती. दारात थांबून तिने दोन फेऱ्या बघितल्या.

“अगं, काय हरवलंय?”

“काही नाही. तीनशे साठ राहिलीत.”

“तीनशे साठ काय?”

मी सांगितलं. ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली, मग भांडं उपडं घालून म्हणाली, “झाली की दिवा घालव.”