तुम्ही विचारलंत म्हणून: उंदरांच्या टीमने मार न खाता कसं खेळायचं?

मी ब्लड बाऊलमध्ये स्केव्हन, म्हणजे उंदरांची टीम खेळवतो हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: "पळते मस्त रे, पण हाफटाइमपर्यंत निम्मे प्लेअर बाहेर जातात, मग जिंकायचं कसं?" वूड एल्फ घेणारेही हेच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गेम्स वर्कशॉपचा 1986 पासूनचा बोर्ड गेम आहे, अमेरिकन फुटबॉलसारखा, फक्त खेळणारे ऑर्क, एल्फ, ड्वॉर्फ, उंदीर वगैरे. मैदान 26 बाय 15 घरांचं, दोन्हीकडे 11 जण, 8 टर्नचे दोन हाफ. पुढचे आकडे 2020 च्या एडिशनचे आहेत.

आधी मार किती बसतो ते बघू. आपल्या लाइनमनचं (साधा प्लेअर) आणि गटर रनरचं (सगळ्यात चपळ उंदीर) आर्मर 8+. म्हणजे खाली पडला की दोन फाशांवर 8 किंवा जास्त आलं तर आर्मर फुटलं, ही शक्यता साधारण 42 टक्के. त्यानंतर इंज्युरीचा रोल, म्हणजे इजा किती झाली ते ठरवणारे फासे. दोन्ही मिळून दर सहा वेळा पडण्यात एकदा तरी प्लेअर नॉकआऊट होऊन किंवा त्याहून वाईट होऊन मैदानाबाहेर जातो. ड्वॉर्फ ब्लॉकरचं आर्मर 10+, त्याच्या बाबतीत हेच 7 टक्क्यांच्या आत. त्यामुळे समोरासमोर मारामारी करून बरोबरी होणारच नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समोरच्याला एका टर्नमध्ये ब्लिट्झ, म्हणजे पळत येऊन मारणं, एकदाच करता येतं. बाकी सगळे ब्लॉक, म्हणजे शेजारच्याला मारलेले फटके, त्याला फक्त अशाच प्लेअरवर मारता येतात जो टर्नच्या सुरुवातीलाच त्याच्या माणसाला चिकटून उभा आहे. म्हणजे तुम्ही टर्न संपवताना एकही उंदीर कुणाला चिकटलेला नसेल तर समोरचा कितीही दांडगा असू दे, त्या टर्नमध्ये त्याच्या हाती एकच फटका उरतो, एकच. आणि पाच जण चिकटलेले असतील तर पाच फटके तुम्ही स्वतःहून ताटात वाढून दिलेत. बहुतेक जण मार्किंगच्या नादात हेच करतात, मोकळा ड्वॉर्फ दिसला की जाऊन शेजारी उभे राहतात, कारण अडवल्यासारखं वाटतं. टर्न संपवायच्या आधी चिकटलेले मोजायचे आणि प्रत्येकाबद्दल विचारायचं, हा इथे का उभा आहे? उत्तर नसेल तर तिथून काढा.

मग अडवायचं कसं, तर लांबून. दोन प्लेअरमध्ये दोन घरं मोकळी ठेवली तरी ती दोन्ही घरं कुणाच्या ना कुणाच्या टॅकल झोनमध्ये (प्लेअरला लागून असलेली घरं, जिथून निसटायला फासा टाकावा लागतो) येतात, त्यामुळे मैदानाच्या रुंदीतली 15 घरं पाच जणांत झाकली जातात. ड्वॉर्फ ब्लॉकरला त्यातून निसटायला एका फाशावर निदान 4+ लागतो, म्हणजे निदान निम्म्या वेळा तो पडणार आणि टर्नओव्हर, म्हणजे त्याचा टर्न तिथेच संपला. उरतो तो एक ब्लिट्झ, ज्याने तो एक माणूस बाजूला करून भोक पाडेल, म्हणून मागे दोन-तीन घरांवर दुसरी फळी. पुढच्या टर्नला तो तुमच्या जवळ येऊन चिकटेल, तर तुम्ही पुन्हा दोन पावलं मागे. गटर रनरला सुटणं सोपं आहे, 2+ आणि वर डॉज (निसटण्याच्या) स्किलचा रीरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकायची संधी, मोकळ्या घरात जायचं असेल तर 97 टक्के; फक्त ड्वॉर्फ ब्लॉकरकडे टॅकल स्किल असतं, त्याच्यापासून सुटताना हा रीरोल चालत नाही, तिथे 83 टक्के. पण लाइनमनला 3+ लागतो, तीनात एकदा पडतो, म्हणून लाइनमन जास्त लांब ठेवायचे आणि जवळ खेळायचं ते गटर रनरने. ड्वॉर्फ ब्लॉकरची चाल 4 च आहे, अशा माघारीत त्याचे टर्न जातात आणि ते टर्न त्याला परत मिळत नाहीत.

पडलेल्या लाइनमनला उठवायची घाईही नको. खाली असलेल्याला ब्लॉक मारता येत नाही, फक्त फाउल, तोही टर्नला एकच आणि त्यात फाउल करणाऱ्यालाच बाहेर काढलं जायचा धोका. ड्वॉर्फच्या शेजारी उठून उभं राहिलं की मात्र पुन्हा ब्लॉक बसणार. मी तर कितीदा लाइनमनला दोन-दोन टर्न झोपवून ठेवतो.

स्कोअर कधी करायचा हा वेगळा प्रश्न आहे आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. दोन टर्नमध्ये टचडाऊन मारणं उंदरांना जमतं म्हणून लगेच मारू नये, कारण मग समोरच्याला सात टर्न मिळतात आणि त्या सात टर्नमध्ये तो तुम्हाला कुटतो. बॉल सेफ असेल, आजूबाजूला कुणी पोचू शकत नसेल, तर एक टर्न थांबा. आणि समोरच्याचा बॉल असेल तर त्याला लवकर स्कोअर करायला भाग पाडा, सातव्या-आठव्या टर्नपर्यंत ढकलू देऊ नका. त्याने पाचव्यात मारला तर तुम्हाला निदान तीन टर्न उरतात, पुरेसे आहेत, शिवाय नवीन ड्राइव्हच्या, म्हणजे पुढच्या किकऑफच्या, आधी नॉकआऊट झालेल्यांना 4+ वर परत येता येतं.

टीम घेताना गेममधल्या 10 लाखांच्या बजेटमध्ये मी चार गटर रनर, दोन ब्लिट्झर (मारामारीत बरे असलेले प्लेअर), सहा लाइनमन, दोन रीरोल आणि अपोथेकरी (जखमी प्लेअरला वाचवणारा वैद्य) घेतो, 9 लाख 70 हजार होतात. रॅट ओगर (टीममधला राक्षसी उंदीर) सुरुवातीला नको, त्याच्या दीड लाखात तीन लाइनमन येतात आणि लाइन ऑफ स्क्रिमेजवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेवर, तिघांना उभं करावंच लागतं. अपोथेकरी लाइनमनवर खर्च करायचा नाही.

लीगमध्ये गटर रनरला पहिलं स्किल बरेच जण स्ट्रिप बॉल देतात, म्हणजे समोरच्याला नुसतं ढकललं तरी त्याच्या हातून बॉल सुटतो. ड्वॉर्फ रनरकडे (त्यांचा बॉल नेणारा) शुअर हँड्स, म्हणजे बॉल घट्ट धरायचं स्किल असतं, त्याच्यापुढे ते काहीच कामाचं नाही. तुमच्या लीगमध्ये ड्वॉर्फ जास्त असतील तर एका गटर रनरला रेसल स्किल द्या, ब्लॉकच्या फाशावर बोथ डाऊन (दोघेही खाली) आलं की दोघेही आर्मर रोलशिवाय खाली जातात, बॉल सुटतो, तुमचा टर्नही चालू राहतो आणि तो बॉल उचलायला दुसरा गटर रनर जवळ ठेवलेला असला पाहिजे.