अंपायरला दिसलं होतं, तरी तो गप्प राहिला

परवाच्या शनिवारी बेसबॉलच्या मॅचमध्ये आमचे चिरंजीव पहिल्या बेसवर निवांत उभे असताना बाद झाले. हेल्मेट सारखं करत, डगआउटमधल्या पोरांकडे बघून हसत होते, तेव्हा.

एक आउट, हा पहिल्या बेसवर. पुढच्यानं चेंडू लांब हाणला. चेंडू पडणारच असं धरून हा सुसाट सुटला, तो दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याच्या अर्ध्या वाटेवर. तेवढ्यात सेंटरफील्डच्या पोरानं पळत जाऊन झेल घेतला. झेल घेतला गेला की आपल्या मूळ बेसवर परत यायचं, हे याला पाठ आहे. फिरला, पण मैदान तिरकं कापत, पिचरच्या मागून थेट पहिल्यावर. थ्रो उशिरा आला. सर्वांत जास्त टाळ्या माझ्या.

मग समोरचा कोच काहीतरी पुटपुटला. पिचरनं रबरावर, म्हणजे चेंडू टाकायच्या पट्टीवर, पाय ठेवला, अंपायर 'प्ले' म्हणाला, पिचर पट्टीवरून मागे उतरला आणि चेंडू दुसऱ्या बेसवर. तिथल्या पोरानं बेसवर पाय ठेवून अपील केलं. अंपायरची मूठ वर. तिसरा आउट.

जाताना दुसरा बेस ओलांडला, तर येताना तो शिवूनच पहिल्यावर यायचं. उलट्या क्रमानं.

अण्णा सांगलीहून दोन महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीत आलेत. फोल्डिंगच्या खुर्चीतून उठलेच. "त्या बाबाला दिसलं नव्हतं का? तेव्हाच का नाही दिला?"

दिसलं होतं, पण अपील झाल्याशिवाय त्यानं तोंड उघडायचं नाही. पिचरनं बॅटरला पुढचा चेंडू टाकला असता, तर प्रकरण कायमचं मिटलं असतं.

अण्णांनी क्लबच्या मॅचेसना वर्षानुवर्षं अंपायरिंग केलंय. "म्हणजे हाऊझॅट," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण शॉर्ट रन आम्ही आपणहून द्यायचो. खांद्याला हात लावून." खरंय. क्रिकेटमध्ये बॅट टेकली नाही तर एक धाव जाते, इथे माणूसच जातो.

गाडीत पोरगं फुरंगटून बसलेलं, म्हणून त्याला फ्रेड मर्कलची गोष्ट सांगितली. 23 सप्टेंबर 1908, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. मर्कल जायंट्सचा, 19 वर्षांचा. 1-1 बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, हा पहिल्या बेसवर. पुढच्यानं हिट मारली, तिसऱ्यावरचा गडी होम प्लेटवर पोचला, लोक मैदानात घुसले. जिंकलो म्हणून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच क्लबहाउसकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सनं चेंडू मागवून दुसऱ्यावर पाय ठेवला. मर्कल आउट, धाव रद्द, सामना बरोबरीत. मोसमाअखेर दोन्ही संघ गुणतक्त्यात बरोबरीत राहिले, म्हणून तो सामना 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळवला आणि कब्ज 4-2 नं जिंकले. (मर्कलचा फोर्स आउट होता, म्हणजे मागून बॅटर येत असल्यानं त्याला पुढच्या बेसवर जाणं भागच होतं; आमच्यासारखी भानगड नव्हे. पण रडणाऱ्या पोराला एवढं कोण सांगतो!)

"त्याला कोणी रागावलं?" 

"जन्मभर."

रविवारी अण्णांनी ड्राइव्हवेवर चार चपला मांडल्या. स्वतः दुसऱ्या चपलेपाशी, हात मागे बांधून. पोरगं सुलटं पळालं, उलटं पळालं. चौथ्या खेपेला येताना पाय चपलेच्या बाजूनं गेला. अण्णा ढिम्म. मी ओरडलो, "हाऊझॅट!"

बोट वर गेलं.