तुम्ही विचारलंत म्हणून: प्रॉमसाठी व्याख्यानांची तिकिटं का विकतो?

"पोरांच्या नाचाला पैसे हवेत, तर सरळ वर्गणी काढा की. व्याख्यानं कशाला, आणि त्यांना तिकीट कशाला?" हे मला पुण्याहून सासूबाई विचारतात, इथे न्यू जर्सीत नव्याने आलेले मराठी पालक विचारतात, शाळेतलेही कुणी ना कुणी विचारतातच. आम्ही शाळेत पालकांसाठी तिकीट लावून माहितीची व्याख्यानं ठेवतो आणि त्यातून या नाचाला पैसे उभे करतो, त्याबद्दल हे प्रश्न. म्हणून एकदा नीट लिहिते.

नाच म्हणजे प्रॉम. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांचा वसंतात होणारा मोठा समारंभ. हॉल, जेवण, डीजे, सुरक्षारक्षक. आमच्याकडे यातला बराच पैसा त्या त्या वर्गालाच उभा करावा लागतो. वर्गाची कार्यकारिणी मुलांची, सोबत एक सल्लागार शिक्षिका आणि आमच्यासारखे काही पालक. निधी कमी पडला की प्रॉमचं तिकीट वाढतं आणि काही मुलं "मला असलं आवडत नाही" म्हणून बाजूला होतात. ज्यांना खरंच आवडत नाही त्यांचं काही नाही. पण ज्यांच्या घरी परवडत नाही तीही मुलं हेच वाक्य बोलतात. ती मुलं आम्हाला आत हवी आहेत. बाकी सगळं त्यातून आलं.

वर्गणी दर वेळी त्याच त्या घरांतून येते. केक-कुकी विकायच्या, तर २०१४ पासून शाळेच्या वेळेत विकायच्या खाण्यावर केंद्र सरकारचे पोषणाचे नियम आहेत. गाड्या धुण्यात मुलांचा शनिवार जातो आणि हाती फारसं लागत नाही.

आता व्याख्यानं. शाळेत "मोफत मार्गदर्शन" देऊ म्हणणाऱ्यांची इथे कमतरता नाही. विमा एजंट येतात, खासगी प्रवेश सल्लागार येतात. दारात एक कागद असतो: नाव, फोन, मूल कितवीत. तासभर माहिती, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन. त्या फुकट व्याख्यानाचा खर्च कुणीतरी भरलेलाच असतो आणि तो वसूल करायला तो माणूस समोर उभा असतो. तिकीट लावल्यापासून आम्ही वक्त्याला अट घालू शकतो: काही विकायचं नाही, कार्डं वाटायची नाहीत, श्रोत्यांची यादी मिळणार नाही. कॉलेजच्या अर्थसहाय्य विभागातून निवृत्त झालेल्या बाई, एक सीपीए (म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखे), एक इमिग्रेशन वकील, ड्रायव्हिंग शिकवणारे एक गृहस्थ, सगळे या अटीवर येतात. पंधरा डॉलरमध्ये अख्खं घर येऊन बसतं आणि ज्याला देणं जड आहे त्याने नुसतं येऊन बसायचं. दारातली मुलं कारण विचारत नाहीत, हे मुलांनीच ठरवलं.

सगळ्यात गर्दी होते ती फाफ्साच्या व्याख्यानाला. कॉलेजसाठी सरकारी अर्थसहाय्य मिळवायचा हा फॉर्म. तो भरायला सरकार एक पैसा घेत नाही, त्यामुळे फॉर्म भरायला मदत करणारं आमचं टेबल कायम विनामूल्य असतं. तिकीट आहे ते समजावून सांगण्याचं. आणि समजून घेण्यासारखं खूप आहे. फॉर्ममध्ये उत्पन्न धरतात ते दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे मूल २०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेजात पाऊल टाकणार असेल तर हिशेब २०२४ चा, आणि ते वर्ष सुरू झालं तेव्हा मूल दहावीत होतं! बारावीत जागे होणाऱ्या घरांना हे कळतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. त्या वर्षी शेअर विकून उत्पन्न वाढवायचं की थांबायचं, हे आधी माहीत असायला हवं.

२०२४-२५ पासून फॉर्म बदलला. घरात दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी घराने द्यायची रक्कम दोघांत विभागली जायची, ती सोय केंद्राच्या सूत्रातून गेली. उलट आजी-आजोबांच्या नावावरच्या ५२९ खात्यातून (म्हणजे शिक्षणासाठी बचत करायच्या खात्यातून) फीसाठी आलेले पैसे आता मुलाचं उत्पन्न म्हणून मांडावे लागत नाहीत. आपल्या लोकांसाठी तर आणखी एक गोष्ट मी हात जोडून सांगते. एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे आलेल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही, हे खरं. पण मूल इथलं नागरिक असेल तर आईवडील कुठल्याही व्हिसावर असोत, ते मूल फॉर्म भरू शकतं. आपण व्हिसावर आहोत, आपल्याला कुठलं मिळतंय, असं समजून कितीतरी मराठी घरं तो उघडतसुद्धा नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरं व्याख्यान गाडी चालवण्याचं, प्रॉमच्या थोडं आधी. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतो तो प्रोबेशनरी परवाना. तो असलेल्या मुलाला रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, आणि आई, वडील किंवा पालक सोबत नसतील तर मित्रांपैकी एकालाच बसवता येतं. २०१० पासून अशा गाड्यांच्या नंबरप्लेटवर लाल पट्टी लावावी लागते. प्रॉम संपतो साधारण रात्री अकराच्याच सुमाराला, म्हणजे परत कसं यायचं हे आधीच ठरायला हवं. मुलगी रात्री नाचाला जाणार या कल्पनेनेच धास्तावलेले वडील इथे येतात, सल्लागार बाईंना भेटतात, हॉल कुठे, दार कधी बंद होणार, सगळं विचारतात. त्यांच्या चिंतेला मी कधी हसत नाही. ती माझीही होती. प्रॉमच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यांना एक खोली आणि खरी उत्तरं मिळतात, हे मला जमलेल्या पैशांइतकंच मोलाचं वाटतं.

पैशांचंही सांगते. सगळी रक्कम वर्गाच्या शाळेतल्या खात्यात जाते, कुणा पालकाच्या खात्यात नाही. तिकिटावर करसवलत मागू नका, कारण त्या बदल्यात तुम्हाला व्याख्यान मिळालेलं असतं. त्याच्या किमतीपेक्षा जास्त दिलंत, तर तेवढ्याच वरच्या रकमेचा देणगी म्हणून विचार होऊ शकतो. खर्चात शाळेच्या सभागृहाची परवानगी आणि सफाई कर्मचाऱ्यांचे जादा तासही धरा. उरतं त्यातला एक भाग प्रॉमचं तिकीट उतरवायला आणि एक भाग कौन्सेलरबाईंकडे, म्हणजे शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे. त्या काही मुलांच्या हातात तिकीट ठेवतात. कोणाच्या, ते आम्हाला कळत नाही, कळूही नये.

सासूबाईंना मी म्हटलं, आपल्याकडे शाळेच्या इमारतीसाठी नाटकाचे मदतीचे प्रयोग लावायचेच ना? लोक नाटक बघायचे आणि भिंत उभी राहायची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून संध्याकाळी उठून व्याख्यानाला जाणं आपल्याला नवं नाही. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, की ऐकायला मुलंही बसतात का? बसतात. तिकिटं फाडणारी, प्रोजेक्टर लावणारी, मागच्या रांगेत कुणाच्या आजीला स्पॅनिश किंवा गुजरातीत सांगत बसणारी सगळी मुलंच असतात. आपल्या शिक्षणाला काय पडतं आणि घरात ते कुठून येतं, हे त्यातल्या बऱ्याच जणांना तिथे पहिल्यांदा कळतं.

तुमच्या शाळेत सुरू करायचं असेल, तर फाफ्साचं व्याख्यान दोनदा ठेवा. एकदा सप्टेंबरमध्ये बारावीच्या पालकांसाठी, कारण फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. आणि दुसऱ्यांदा दहावीच्या पालकांसाठी, पण डिसेंबरच्या आत. त्यांचं ते हिशेबाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं.