मामा, सलाईन आणि तो एक प्रश्न
आज मामांसोबत हॉस्पिटलच्या डे-केअरला होते. लिव्हरचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. म्हणून इम्युनोथेरपी: अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. अमेरिकेत या जोडीला २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

पहिलं औषध कॅन्सरला थेट मारत नाही. गाठ पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून आपल्याच टी-पेशींना (शरीराच्या लढणाऱ्या पेशींना) थोपवते, ते औषध हा अडसर काढतं. दुसरं गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघितल्या. गाठ चांगली आकसते ती साधारण दहातल्या तिघांचीच. डॉक्टरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं, ते बरंच केलं.

बाकी भेटायला येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारतो, "प्यायचे का हो?" मामांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. कारण वेगळंच: हिपॅटायटिस बी, लिव्हरला होणारा विषाणूचा संसर्ग. तो होता कित्येक वर्षं, कुणाला पत्ताच नव्हता. (त्याची लस असते, हे तरी माहितीये ना सगळ्यांना?)

येताना आम्ही घरच्या सगळ्यांनी त्याच्याच तपासणीसाठी रक्त दिलं. मामी आधी कुरकुरल्या, मग त्यांनीच फोन करून दोन्ही जावांना बोलावून घेतलं.